नजरेत खुपलेलं गाव

बोर्नमथ, इंग्लंड,
रविवार, रात्र

प्रिय बाप्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून शिव्या देत असशील. दे. गुडघा बरा, साखर काबूत, लेक-जावई मजेत. काल एक गाव पाहिलं आणि दिवसभर तुझे अण्णा आठवत राहिले. लेकीला सांगता येईना. ती आपली विचारतेय, "बाबा, दमलात का?"

गावाचं नाव मिल्टन ॲबस, परगणा डॉर्सेट. गाडी अलीकडच्या गावात लावली आणि शेतांतून चालत गेलो. इथल्या नारिंगी पुठ्ठ्याच्या नकाशात पाऊलवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. रेघ कुणाच्या उभ्या पिकातून का जाईना, चालायचा तुला हक्क. मालकाने नांगरली तर 14 दिवसांत वाट पुन्हा पाडून द्यायची. तुझ्या चुलत्याच्या कानावर घालू नकोस, बांधाची केस नव्याने उभी करील.

पुढे एकच उताराचा रस्ता. दोन्ही अंगांना पांढऱ्या भिंतींची एकसारखी 36 घरं, छपरं कपाळावर ओढलेली, पुढे हिरवळ. लोक फोटो काढत होते, मीही काढले. एका घराची शाकारणी चालली होती. गडी शिडीवर गुडघा टेकून गव्हाच्या काडाच्या पेंढ्या लावत होता. हेझल नावाच्या झुडपाची फोक मधोमध पिळायची, आकड्यासारखी दुमडायची आणि पेंढीत ठोकायची. मग खाचांच्या फळीने खालून वर चोपत काडांची टोकं एका पातळीत आणायची. मला थेट तात्या दिसले, मिरगाआधी छपरावर बसलेले, दातात वाखाची दोरी. काड जुन्या उंच वाणाचं लागतं, हार्वेस्टरने मोडतं, म्हणून कापणीही जुन्याच यंत्राने. 25-30 वर्षं टिकतं. आमचं पाचट दोन पावसाळे काढायचं. आणि वर्गात तू मला 'पाचट' म्हणायचास, ते विसरलेलो नाही. तुमचं माळवद होतं ना, तुम्ही बोलणारच! इथे असल्या छपराच्या घराला विमासुद्धा जास्त पडतो, तरी लोक हौसेने राहतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे गाव मुळात इथलं नाहीच. पलीकडे मठाला लागून मिडलटन नावाचं बाजाराचं गाव होतं. 1752 साली जोसेफ डेमरने मठाची इस्टेट घेतली, पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला, आणि ते गाव त्याच्या नजरेत खुपायला लागलं. खिडकीतून माणसं दिसतात म्हणून! एकेक घर ताब्यात घेत, पाडत गेला, आणि 1780 च्या सुमारास लोकांना या घळीत आणून बसवलं. आखणीला कोण, तर केपेबिलिटी ब्राऊन, बागा आखणारा त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस. एका घरात दोन बिऱ्हाडं, पुढचं दार एकच. जुन्या गावाच्या जागी हिरवळ आणि तळं. बाप्या, हे पुनर्वसन गावठाण आहे रे! आपल्यासारखंच, ओळीत, एका मापाचं.

हॅरिसन नावाचा वकील मात्र हलेना. तेव्हा लॉर्डाने तळ्याची दारं उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं, असं सांगतात. तो कोर्टात गेला आणि जिंकला. हे ऐकलं आणि मी तिथेच एका कट्ट्यावर बसलो.

अण्णा कोर्टात गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. धरणाचं पाणी दुसऱ्या पायरीला लागलं तेव्हा चौघांनी उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवलं, हातात नुसता अडकित्ता. आणि आमच्या तात्यांनी पहिल्याच आठवड्यात अंगठा दिला होता. अण्णा मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत, तू माझ्याशी दोन वर्षं. चूक कुणाची, यावर आपण बोललोच नाही कधी. आज भांडायचं नाहीये.

धाकट्याने हक्कसोडपत्र पाठवलंय. गावठाणातला आमचा प्लॉट पुण्याची पार्टी घेतेय, भाव बरा आहे. कशासाठी घेतायत माहितेय? 'बॅकवॉटर व्ह्यू.' खुर्ची टाकून रोहित पक्षी बघणार. तुमचं माळवद आणि आमची विहीर ज्या पाण्याखाली आहे, त्याचा व्ह्यू! सही नाही केली तर धाकटा म्हणणार, दादा परदेशात बसून गाव राखतोय. पोराच्या फीला पैसे हवेत त्याला, खोटं नाही. केली तर पहिला अंगठा पुन्हा आमचाच. तीन रात्री झोप नाही. तुझा प्लॉट लागूनच, तेव्हा पार्टी तुझ्याकडेही आली असेल. काय सांगितलंस? की तू आधीच देऊन बसलायस आणि मी इथे उगाच जागतोय?

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? सूनबाईंचं उडत उडत कळलं, आजोबा होणार म्हणे, पेढे राखून ठेव.

या उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवाचं देऊळ उघडं पडलं, तर तिकडे जाताना आपल्या अंगालाही बघून ये. ओट्याच्या पायऱ्या दिसल्या तर फोटो पाठव. धाकट्याला बुधवारी उत्तर द्यायचंय, त्याच्या आत फोन कर. रात्री कितीही वाजता.

तुझाच,
पाचट