उतारावरच्या वीतभर मुशीसाठी

मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

केरळमधल्या एका बंदरावर खोल समुद्रातली कोळंबी उतरत होती. कोळंबी निवडून झाल्यावर उरलेल्या ढिगातून मी एक मुशी, म्हणजे शार्क, उचलली. तपकिरी, वीतभर, शेपूट फितीसारखं लांब आणि त्यावर काळपट पट्टे. मला वाटलं, पिल्लूच असणार. पण पोट टम्म होतं. ते चिरलं तर आत दोन पिल्लं, एकेक जवळजवळ आईच्या निम्म्या लांबीचं. ढीग मात्र किलोवर मोजून फिशमीलला, म्हणजे मासळीची भुकटी करायला, गेला.

हिचं नाव पिग्मी रिबनटेल कॅटशार्क, शास्त्रीय नाव एरिडॅक्निस रॅडक्लिफाय. जगातल्या सर्वांत लहान शार्कांपैकी ही एक. पूर्ण वाढली तरी सुमारे २४ सेंटीमीटर. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन संपून खोलात जाणारा खंडान्त उतार सुरू होतो, तिथल्या चिखलाच्या तळाशी ती राहते. कोल्लमसमोरच्या क्विलॉन बँक या मासेमारीच्या क्षेत्रात कोळंबीही त्याच चिखलात असते, म्हणून तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात दोघी एकदमच येतात.

साहेब, खरी अडचण इथेच आहे. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोठा ठेवा, ठरावीक मापापेक्षा लहान मासा धरू नका, हे आपले नियम चांगलेच आहेत. पण ही मुशी म्हातारी झाली तरी लहानच दिसणार. कोळंबी अडवणाऱ्या आसातून ती सुटेल कशी? तासन्‌तास जाळ्यात चेपून वर आलेली मुशी परत सोडली तरी जगण्याची आशा थोडीच. शिवाय एका वेळी एक किंवा दोनच पिल्लं. बांगड्यासारखी हजारो अंडी ती घालत नाही.

म्हणून तिला जागाच राखून द्यावी लागेल. उताराचा काही पट्टा ट्रॉलिंगला कायमचा बंद करा. तो कुठे आखायचा हे शास्त्रज्ञांनी आणि तिथे बोटी नेणाऱ्या तांडेलांनी एकत्र बसून ठरवावं. तळाची माहिती तांडेलांइतकी कोणाला असणार? १२ सागरी मैलांपलीकडे राज्यांची हद्द संपते, तेव्हा हे काम केंद्राचंच.

२००१ मध्ये आपण देवमुशीला (व्हेल शार्कला), जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला, वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी आता नव्या बोटींना अनुदान मिळतं आहे. पुढचं अनुदान मंजूर करताना निदान एक अट घाला: कोळंबीबरोबर आलेल्या मुश्या ‘इतर मासळी’त न ढकलता जातवार मोजायच्या, आणि पोटात पिल्लं असलेल्या माद्या वेगळ्या नोंदवायच्या.

आपला नम्र,
एक मत्स्य-अभ्यासक