डोळे मिटून आतला आवाज गप्प होत नाही, मंत्रिमहोदय

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्वतःला सतत बोल लावणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी प्रत्येक शाळेत छोटे ऐच्छिक गट, आठ आठवडे, आठवड्याला एक तास आणि गट घेणाऱ्याला आधी पूर्ण प्रशिक्षण, असा शब्द आपण आम्हाला दिला होता. हाती आले ते दीड पानी परिपत्रक. रोज परिपाठात सर्व विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावे आणि शाळेने त्याचे फोटो पाठवावेत. आम्ही शाळांमध्ये समुपदेशन करतो. या परिपत्रकाने काही मुलांचे नुकसान होईल, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

असे मूल डोळे मिटते तेव्हा बाहेरचा गलबला थांबतो आणि आतला एकच आवाज उरतो : "तू ढ आहेस, आणि हे सगळ्यांना कळलंय." आपण त्याला दहा मिनिटे त्या आवाजाबरोबर कोंडून ठेवता. ज्याला घाबरले की धाप लागते, त्याचे लक्ष श्वासाकडे नेले तर भीती वाढू शकते. म्हणून सुरुवात डोळे उघडे ठेवून करायची. नजर जमिनीवर, लक्ष तळपायांवर. बूट कुठे टेकलाय, भार टाचेवर आहे की बोटांवर? तीस सेकंद पुरतात. ज्याला नको असेल त्याला खिडकीबाहेर बघत बसू द्यावे.

आणि हे झाले जेमतेम एक अंग. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली, तिची अंगे तीन : सजगता (आत्ता मनात काय चालले आहे ते बरे-वाईट न ठरवता पाहणे), स्वतःशी मायेने वागणे आणि असे दुखणे माझ्या एकट्याचे नाही ही जाणीव. नुसती सजगता दिली तर मुलाला आपली जखम आणखी स्पष्ट दिसते. तिच्यावर फुंकर कशी घालायची, हे त्याला कुणी सांगत नाही.

ते शिकवायला कागद आणि पेन पुरते. कागद मधोमध दुमडायचा. डावीकडे आतला आवाज बोलतो ते वाक्य जसेच्या तसे लिहायचे. "मला वाईट वाटतं" चालणार नाही. "मूर्खा, तुझ्यामुळे गट हरला" असे हवे. मग चार मिनिटे उजवीकडे : हेच तुझ्या जिवलग मित्राच्या हातून झालं असतं, तर त्याला काय म्हणाला असतास? दोन्ही बाजू मनातल्या मनात वाचायच्या. दोन्हींच्या सुरातला फरक मुलांना आपणहून ऐकू येतो, समजावावा लागत नाही. शेवटी एकच ओळ : आत्ता मला कशाची गरज आहे? उत्तर आज करता येईल असे हवे. चुकलेली तीन गणिते पुन्हा सोडवणे, कुणाशी तरी बोलणे, वेळेवर झोपणे. कागद मुलाकडेच राहतो. शिक्षकाने तो एकदा जरी गोळा केला, तरी पुढच्या वेळी मूल शिक्षकाला आवडेल तेच लिहिते.

स्वतःला धीर देण्यासाठी छातीवर हात ठेवा म्हटले की वर्गात खसखस पिकते. तिथे बाकाखाली एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात धरायला सांगावे. कुणाला दिसत नाही, काम तेच होते. "मी सर्वांत हुशार आहे" असे मात्र घोकवून घेऊ नये. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील प्रयोगांत, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना अशी वाक्ये म्हटल्यावर उलट अधिक वाईट वाटले होते.

सर्वांत अवघड क्षण वेगळाच असतो. मायेचा शब्द कानी पडताच एखाद्या मुलाला रडू कोसळते किंवा ते भडकते. आत धुमसणाऱ्या खोलीचे दार उघडले की वारा लागून भडका उडतो, तसे हे असते. जाणकार माणूस तिथेच व्यायाम थांबवतो, लक्ष पुन्हा तळपायांवर आणतो, चारचौघांत काही विचारत नाही आणि त्याच दिवशी बाजूला घेऊन बोलतो. मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विषय निघाला, तर व्यायाम बंद. मुलाला एकटे न सोडता लगेच तज्ज्ञाकडे. परिपाठाला शेकडो मुले डोळे मिटून बसलेली असताना हे कोण पाहणार?

ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांत, आठ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला; सुमारे निम्म्या शाळांत वर्गातच सजगतेचे धडे देऊन पाहिले. शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिले होते. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : भावना ओळखणे, इतरांशी नीट वागणे शिकवणाऱ्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. सरसकट सगळ्यांवर लादू नका, हे आम्ही याच आधारावर म्हणत होतो. आमचे टिपण आपल्या कार्यालयात वाचले तरी गेले का?

लाड केले तर मुले आळशी होतील, असे आपले अधिकारी आम्हाला म्हणाले. २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी हेच तपासले होते. अवघड चाचणीत आपटल्यानंतर ज्यांना स्वतःकडे मायेने पाहायला सांगितले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला.

आणि हा आवाज मुलांनी जन्मतः आणलेला नाही. वर्गात गुण मोठ्याने वाचले जातात, भिंतीवर क्रमवारी लागते, "तिच्याकडे बघ जरा" हे वाक्य रोज ऐकू येते. सगळे आपल्याकडेच बघताहेत असे वाटण्याचे ते वय. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच त्याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटले होते. आपली व्यवस्था त्या काल्पनिक प्रेक्षकांना खऱ्या खुर्च्या मांडून देते, वर्षभर मुलांना तोलते आणि मग दहा मिनिटे शांत बसायला सांगते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. आमच्यातला एकेक जण कित्येक शाळा सांभाळतो. ज्या मुलाला आज भेटायचे त्याची पाळी पुढच्या महिन्यात येते, आणि तोवर त्याचे काय झाले असेल या विचाराने आम्हाला झोप लागत नाही. आम्ही थकलो आहोत, संतापलोही आहोत.

परिपत्रक मागे घ्या. ते जमत नसेल तर निदान "सर्व", "डोळे मिटून" आणि "फोटो" हे तीन शब्द या आठवड्यात काढा. गुणांचे जाहीर वाचन बंद करा. त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि ऐच्छिक गट कधी सुरू होणार, याची तारीख लेखी कळवा.

आपले,
शाळांमध्ये काम करणारे समुपदेशक