गर्दीला तिचा स्वतःचा आवाज ऐकू द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका मैदानावर झालेल्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे वृत्त आपल्या क्रीडापानावर वाचले. सामना चुरशीचा झाला, मात्र पुणेकर प्रेक्षकांनी त्याला साजेसा माहौल केला नाही, कोल्हापूर-कोलकात्याची सर आपल्याकडे येत नाही, असा त्या वृत्ताचा सूर होता. मी त्या सामन्याला पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत हजर होतो. माहौल झाला नाही हे खरे आहे. पण त्याचा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे मला मान्य नाही, कारण माहौल होऊ लागला की तो मोडण्याची चोख व्यवस्था आयोजकांनीच मैदानावर करून ठेवली होती.

दोन्ही गोलपोस्टच्या मागे वरातीत शोभतील अशा ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या होत्या आणि हातात माइक घेतलेला एक निवेदक दर दोन मिनिटांनी ‘पुणेकर, आवाज कुठाय?’ असे ओरडत होता. दुसऱ्या सत्रात बरोबरी असताना एका संघाला लागोपाठ तीन कॉर्नर मिळाले. पहिल्या कॉर्नरला आमच्या बाजूच्या पोरांनी टाळ्यांचा एक संथ ठेका धरला, दुसऱ्याला तो पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला, आणि तिसऱ्याच्या वेळी, म्हणजे अंगावर काटा येण्याच्या नेमक्या क्षणी, निवेदकाने एका सिनेगीताचा तुकडा सोडला. ठेका तिथेच विरला. पुढे गोल झाला तेव्हा तर आरोळी घशातून पुरती बाहेर पडण्याआधीच गाणे सुरू झाले होते, त्यामुळे शेजारी उभा असलेला माझा भाचा ओरडतो आहे हे मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळले. ‘आवाज कुठाय?’ या प्रश्नाचे उत्तर निवेदकाच्याच हातात होते.

हा प्रकार क्रिकेटवरून उचललेला आहे, हे उघड आहे. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर आणि दर षटकानंतर रिकामा वेळ असतो आणि तो गाण्याने भरला तर खेळाचे फारसे बिघडत नाही. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे खेळ सलग चालतो आणि दीड तासात सरासरीने पाहिले तर तीनच्या आतबाहेर गोल होतात. म्हणजे प्रेक्षकाच्या वाट्याला मुख्यतः प्रतीक्षा येते. ही प्रतीक्षा हळूहळू तापत जाणे, चेंडू धोक्याच्या जागी गेला की हजारो लोकांनी एकदम श्वास धरणे आणि तो हुकला की एकाच सुस्काऱ्यात सोडणे, यातूनच ज्याला आपण ‘विजेसारखे वातावरण’ म्हणतो ते तयार होते. मध्ये गाणी घालून ही प्रतीक्षा सुसह्य केली की ताण उतरतो, आणि ताण उतरला की गोलचा आनंदही अर्धा होतो.

मी वीस वर्षे एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला आहे, म्हणून या विषयाकडे माझे लक्ष थोडे वेगळ्या बाजूने जाते. पावसाळ्यात नदीपात्रात सराव करताना पन्नास ढोलही पोकळ वाटतात, पण तेच पथक विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला वळले की दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आवाज परत अंगावर येतो आणि वादकांच्या हातांत कुठून कोण जाणे दुप्पट बळ येते. वाजवणाऱ्याला स्वतःचे वाजवणे ऐकू येणे, हे त्या बळाचे मूळ आहे. स्टेडियममध्येही हेच घडते. मैदानाला चिकटून उभ्या चढाच्या गॅलऱ्या असतील आणि त्यांच्यावर पुढे झुकलेले छत असेल तर आरोळी आभाळात न जाता खाली, खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्याच कानांत परतते. मग ओरडणाऱ्याला आपण एकटे नाही हे पटते आणि तो आणखी मोठ्याने ओरडतो.

यात अंतराचाही हिशेब आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे शंभर मीटर पलीकडच्या गॅलरीत वाजलेली टाळी आपल्यापर्यंत जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा येते आणि जलद ठेका असेल तर मैदानाची दोन टोके एकमेकांच्या तालाबाहेर जातात. मोठ्या पथकात मागच्या रांगा का सुटतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलंडच्या समर्थकांनी जी टाळी जगभर गाजवली तिच्यात ही अडचण आपोआप सुटलेली होती: ढोलाचे दोन ठोके, एकच टाळी आणि एक हुंकार, मग लांब शांतता. त्या शांततेत सगळे स्टेडियम एकत्र येते, आणि दोन टाळ्यांमधला वेळ हळूहळू कमी होत गेला तरी तोवर सर्वांच्या अंगात ताल भिनलेला असतो. साडेतीन लाखांच्याही आतल्या लोकसंख्येच्या देशाने इंग्लंडला २-१ असे हरवले त्या स्पर्धेत हे सारे झाले, त्यामुळे माहौलाला लोकसंख्या लागते असेही कोणी म्हणू नये. आपल्या ताशेवाल्यांना ही टाळी शिकवायला पाच मिनिटे पुरतील.

आता बालेवाडीबद्दल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे पुण्याचे वैभव आहे याबद्दल दुमत नाही; परंतु तिथल्या मुख्य मैदानाभोवती धावपट्टी आहे. आठ पट्ट्यांच्या प्रमाणित ४०० मीटर धावपट्टीच्या आत फुटबॉलचे १०५ मीटरचे मैदान बसवले की दोन्ही टोकांना वळणाची मोठी मोकळी जागा उरते, आणि गोलजाळ्यामागचा अगदी पहिला प्रेक्षकही गोलरेषेपासून पस्तीस मीटरच्या आसपास दूर जातो. जिथे सर्वात कट्टर समर्थकांनी उभे राहायचे ती जागाच खेळापासून सर्वात लांब पडते. हे दुखणे फक्त आपले नाही. इटलीतला युव्हेंटस हा नामवंत संघ तुरीनमधल्या सुमारे सत्तर हजार क्षमतेच्या, धावपट्टी असलेल्या स्टेडियममध्ये वर्षानुवर्षे रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला. शेवटी ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये सुमारे एक्केचाळीस हजारांचे, मैदानाला अगदी लगटून गॅलऱ्या असलेले नवे स्टेडियम त्यांनी बांधले. जागा जवळजवळ तीस हजारांनी कमी झाल्या आणि आवाज वाढला.

तरीही, केवळ बांधकामाने माहौल होत नाही, हे मी कोल्हापूरच्या आठवणीवरून सांगू शकतो. माझे बालपण तिथे गेले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे स्थानिक फुटबॉल संघ समोरासमोर आले की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेतली चुलीवरची भाजीदेखील त्या दिवशी लवकर उतरत असे. तिथल्या पायऱ्यांवर ना भव्य छत, ना पडदा. पण मैदानावर धावणारा आघाडीवीर सकाळी आपल्याच गल्लीत दूध आणताना दिसलेला असतो, शेजारी बसलेल्याच्या वडिलांनी त्याच संघातून खेळलेले असते, आणि समोरच्या बाजूला आपल्याच मामाचे घर असते. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांमागे तालमी आहेत, आणि तालमीमागे पेठा. घोषणा कोणी लिहून द्यावी लागत नाही. (त्या घोषणांपैकी अर्ध्याअधिक आपल्या दैनिकात छापता येणार नाहीत आणि हुल्लडबाजीमुळे तिथे सामने थांबवावे लागल्याच्या बातम्याही आपण सर्वांनी वाचल्या आहेत, मी त्यांचे समर्थन करत नाही.)

कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यातही तेच आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये एक लाख एकतीस हजारांहून अधिक लोक आले होते. त्या गर्दीमागे फाळणीपूर्वीच्या पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे आणि मूळची पश्चिम बंगालची कुटुंबे यांच्यातली जुनी चढाओढ होती; जिंकल्यावर घरी हिल्सा शिजणार की कोळंबी, हेसुद्धा त्यावर ठरत असे.

पुण्याला असे मुळीच काही नव्हते का? आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल साखळीत पुणे एफसी २००९ पासून खेळला, २०१२-१३ च्या मोसमात दुसरा आला, आणि पुढे दोन-तीन वर्षांत त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. मग इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून एफसी पुणे सिटी आला. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बेंगळुरूविरुद्ध झालेल्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एकही गोल झाला नाही, पण शेवटची वीस मिनिटे आमच्या गॅलरीत कोणी खाली बसले नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नारिंगी शर्ट घातलेली मुले दर सामन्याला ढोल घेऊन येत आणि त्यांच्या घोषणा हळूहळू आम्हा वयस्करांनाही पाठ होऊ लागल्या होत्या. २०१९ मध्ये तो संघ गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. २०२२ मध्ये तो हैदराबादचा संघ विजेता झाला. दहा-बारा वर्षांत दोन संघ प्रेक्षकाच्या हातातून काढून घेतले गेले, आणि तरी प्रेक्षकाने कोलकात्यासारखे ओरडावे अशी अपेक्षा आपण करतो. ठेका बसायला वेळ लागतो. पथकात नव्या मुलाला ढोल कमरेला बांधायला दिल्यापासून मिरवणुकीत उभे करेपर्यंत एक मोसम जातो, आणि इथे तर मोसम सुरू होण्याआधीच ढोल परत मागितला गेला.

जर्मनीत या बाबतीत एक नियम आहे. तिथल्या क्लबांमध्ये मताधिकाराचा निम्म्याहून अधिक वाटा, काही अपवाद वगळता, सभासदांच्याच हाती राहतो. मालकाला कंटाळा आला म्हणून संघ उचलून दुसऱ्या शहरात नेणे शक्य होत नाही. बोरुसिया डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये दक्षिणेकडच्या एकाच गॅलरीत सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक उभे राहून सामना पाहतात, आणि तिथली तिकिटे कामगारालाही परवडावीत अशी ठेवलेली असतात. समर्थकांचा म्होरक्या मैदानाकडे पाठ करून कर्णा घेऊन उभा असतो. सबंध सामन्यात त्याला कदाचित एकही गोल दिसत नसेल. ताशेवाल्याचेही असेच असते, त्याची नजर गणपतीकडे कमी आणि ढोलांच्या रांगांकडे जास्त. फरक इतकाच की तो म्होरक्या गर्दीतलाच एक असतो, आणि आपला निवेदक कंत्राटावर आणलेला.

करोनाच्या काळात १६ मे २०२० रोजी जर्मनीतले सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्याच डॉर्टमुंडने रिकाम्या स्टेडियममध्ये शाल्केला ४-० ने हरवले आणि खेळाडू सवयीने त्या रिकाम्या गॅलरीसमोर जाऊन उभे राहिले. दूरदर्शनवर मी तो प्रसंग पाहत होतो. त्या मोसमांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की प्रेक्षक नसताना यजमान संघाचा घरच्या मैदानाचा फायदा घटला आणि पाहुण्या संघाला पंच पूर्वीपेक्षा कमी कार्डे दाखवू लागले. प्रेक्षकाच्या ओरडण्याचा निकालावर परिणाम होतो हे मानायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

उभे राहण्याची मागणी करताना धोक्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरोला चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला आणि त्यानंतर तिथल्या वरच्या श्रेणींच्या मैदानांवर उभ्याच्या गॅलऱ्या बंद झाल्या. २०२२ पासून कठडे बसवलेल्या ठरावीक भागांपुरती त्यांना पुन्हा मुभा मिळाली. आपल्याकडेही १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षक दगावले होते. म्हणून जिथे उभे राहायचे तिथे कठडे, मोजकी तिकिटे आणि बाहेर पडायला रुंद वाटा हव्यातच. विसर्जन मिरवणूक सांभाळणाऱ्या शहराला हे जमू नये असे नाही.

प्रेक्षक येत नाहीत ही तक्रारही मला अर्धवट वाटते. जून २०१८ मध्ये अंधेरीत भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले तेव्हा जेमतेम अडीच हजार लोक होते. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून विनंती केली आणि त्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला, तिकिटे संपली. लोकांना कोणीतरी आपले समजून बोलावले, इतकेच घडले होते.

या स्पर्धेच्या आयोजकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी आहे की पुढच्या मोसमात किमान एका सामन्यासाठी खेळ चालू असताना ध्वनिक्षेपक पूर्ण बंद ठेवावा, नावे आणि बदली खेळाडू सांगण्यापुरताच माइक वापरावा, आणि एका गोलजाळ्यामागचा भाग अल्प दरात अशा लोकांसाठी राखावा ज्यांना सामनाभर उभे राहायचे आहे. आमच्या पथकातील दोन ताशे आणि आठ ढोल घेऊन येण्याची माझी तयारी आहे. मानधन नको, चहाही आम्ही आमचा आणू; मात्र मध्यंतर सोडून गाणे वाजणार नाही, एवढे आधी लेखी मिळावे.

आपला,
एक नियमित वाचक,
रास्ता पेठ, पुणे