त्रिनिदादची रात्र पॅनयार्डात असते

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत त्रिनिदादवरचा लेख वाचला. समुद्रकिनारा, कॉकटेल आणि ‘स्टील ड्रमचे कीचेन’ एवढ्यात बेट उरकले आहे. किनारा आणि रिसॉर्ट हवे असेल तर शेजारचे टोबॅगो बरे. त्रिनिदादला जायचे ते रात्री स्टील ड्रम ऐकण्यासाठी, आणि लेखात नेमके तेच राहून गेले.

आधी शब्दाचे. तेलाच्या पिपापासून बनवलेल्या या वाद्याला तिथे ‘पॅन’ म्हणतात. ड्रम म्हटले की समोरचा लगेच दुरुस्ती करतो. पॅनचा ताफा जिथे सराव करतो ते मोकळे आवार म्हणजे पॅनयार्ड. या ताफ्यांची पॅनोरामा ही स्पर्धा 1963 पासून होते आणि तिची अंतिम फेरी कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी असते. कार्निव्हलची तारीख ईस्टरप्रमाणे सरकते: 2027 मध्ये सोमवार-मंगळवार, 8 आणि 9 फेब्रुवारी. नववर्ष उलटले की राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधली यार्डे रोज संध्याकाळनंतर जागी होतात: ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, वुडब्रुकच्या हॅमिल्टन स्ट्रीटवर फेज टू असे नामवंत ताफे. सराव ऐकायला सहसा तिकीट नसते. आवारातल्या बारवर काहीतरी घ्यावे, एवढीच अपेक्षा.

कधी जायचे, हे काय ऐकायचे त्यावर ठरते. बहुतेक वादक नोटेशन न पाहता पाठ करून वाजवतात. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला तेच चार ठेके तासभर घोटलेले ऐकू येतात. रचना कशी बांधली जाते ते पाहायचे असेल तर हाच काळ उत्तम. एरवी माणूस कंटाळून बाहेर पडतो. अख्खी रचना हवी असेल तर शेवटचे दहा दिवस गाठावेत. मोठ्या ताफ्यात शंभराच्या आसपास वादक असतात. फक्त पुढे उभे राहू नये, कडेने फिरत फिरत ‘इंजिन रूम’पर्यंत जावे. तिथे मोटारीचे जुने ब्रेक ड्रम लोखंडी सळयांनी वाजवतात आणि सगळा ताफा त्या लोखंडाच्या लयीवर चालतो.

रात्री ड्यूक आणि शार्लट स्ट्रीटच्या भागात पायी हिंडू नये. हॉटेलला सांगून टॅक्सी ठरवावी आणि परतीची वेळही आधीच पक्की करावी. अधिकृत टॅक्सीच्या नंबरप्लेटची सुरुवात ‘एच’ने होते, ‘पी’ असलेली गाडी खासगी, ती भाड्याने चालवणे बेकायदा. क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. गावस्करांनी 1971 मध्ये पदार्पण केले ते क्वीन्स पार्क ओव्हल शहरातच आहे, पण ब्रायन लारांच्या नावाचे मैदान दक्षिणेला तारूबा इथे, सॅन फर्नांडोजवळ. सामना तिथे आणि यार्ड शहरात असा बेत एका संध्याकाळीत बसत नाही.

आता खरेदी. विमानतळावरचे छोटे पॅन शोभेचे असते. खरे पॅन 55 गॅलनच्या तेलाच्या पिपाचे. पिपाचा तळ घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करतात. टेनर म्हणजे सर्वांत उंच स्वरांचे पॅन, त्याचा तळ सर्वांत खोल, साधारण 20 सेंटिमीटर. मग प्रत्येक स्वराची हद्द पोगराने ठोकून आखतात, कड कापतात, आगीवर तापवतात आणि शेवटी हातोडीने एकेक स्वर जुळवतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला यातला हात लगेच ओळखू येईल. फरक इतकाच, की इथे एक ठोका जास्त पडला तर स्वरच जातो.

दुकानात रबर लावलेल्या काडीने प्रत्येक स्वर हलकेच वाजवून पाहावा. आवाज मोकळा हवा. शेजारचे स्वर बरोबरीने कुरकुरत असतील तर जुळणी कच्ची आहे. दोन स्वरांमधल्या हद्दीवर काडी मारली की मुका ठोका यायला हवा. मोबाइलमधला ट्यूनर (स्वर तपासणारे ॲप) 440 हर्ट्झवर ठेवून खालचे आणि वरचे सप्तक ताडून पाहावे. क्रोम केलेले पॅन घेताना ‘क्रोमनंतर पुन्हा जुळवले का’ हे आवर्जून विचारावे, कारण मुलाम्यात स्वर हलतात. रंगवलेले पॅन स्वस्त पडते, पण रंगाचा टवका उडाला की मुंबई-कोकणच्या हवेत तिथूनच गंज धरतो.

इथे एक पेच आहे. पॅन ऐकण्याचा हंगाम हा विकत घेण्याचा हंगाम नाही. कार्निव्हलआधी जुळवणारे कारागीर रात्रंदिवस ताफ्यांच्या कामात असतात, म्हणून मागणी काही महिने आधी नोंदवावी. टेनरचा व्यास 58 सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तो केबिनच्या कप्प्यात मावत नाही; हार्ड केससकट लांबी, रुंदी, उंची मोजून विमान कंपनीला आधी विचारावे. घरी आणल्यावर उन्हातल्या गाडीत ठेवू नये, वर काही रचू नये, काडीचे रबर झिजले की बदलावे. बिघडले तर जुळवून देणारा आपल्याकडे सहजी सापडत नाही.

मराठी माणसाने पोर्ट ऑफ स्पेनमधला सेंट जेम्स हा भागही चुकवू नये. तिथला ‘तासा’ म्हणजे आपला ताशाच, सोबत झांजही. बकऱ्याचे कातडे वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणतात. आपल्या पथकांत प्लास्टिकची पाने आल्यापासून हे दृश्य दुर्मीळ झाले. मोहरमच्या रात्री तिथे ‘होसे’चे ताजिये निघतात. तो धार्मिक सोहळा आहे, हातात बिअर घेऊन उभे राहू नये. भूक लागली तर डबल्स खावे: ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोल्यांची आमटी, शाकाहारी. मिरचीचे विचारले की ‘स्लाइट’ म्हणावे; त्याहून जास्त आपल्यालाही झेपेलच असे नाही.

दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी चगुआनासजवळच्या चेस व्हिलेजमधली कुंभारांची दुकाने पाहावीत. तिथे पणतीला ‘दिया’च म्हणतात आणि चिरलेल्या बांबूच्या कमानी वाकवून त्यांवर ओळीने दिवे लावतात.

पैसे थोडे थोडे बदलावेत. उरलेल्या त्रिनिदाद डॉलरचे परत अमेरिकी डॉलर करून मिळणे कठीण असते. आणि लष्करी छपाईचे कपडे, मुलांच्या टोप्यासुद्धा, बॅगेत ठेवू नयेत. तिथे ते कायद्याने बंद आहेत.

आपला,
एक वाचक, ठाणे