धाकटीस, 94 पायऱ्या मोजवून घेतल्याबद्दल

चि. धाकटी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला लिहून मोकळी झाले असते. पण बडोद्यात दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत जो भेटतो तो एकच विचारतो, "पेरूला कुठल्या टूरवाल्याबरोबर गेला होतात?" टूरवाला कसला! वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंची धाकटी पोर, जी माझ्याकडे आमटी-भात जेवून शाळेला पळायची, तिने आमची सगळी व्यवस्था लावली. हे प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांदेखत लिहून टाकते. तुला संकोच वाटेल, वाटू दे.

तुला फोन केला तेव्हा खरं म्हणजे सगळं ठरलेलं होतं. काकांच्या सत्तरीनिमित्त आमच्या चिरंजीवांनी टेक्सासमध्ये बसून तिकिटं काढली आणि कुस्कोतलं हॉटेलही पसंत केलं. सान ब्लास ही कारागिरांची जुनी वस्ती, पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, बाल्कनीत उभं राहिलं की खाली लाल कौलांचं सगळं शहर. फोटो बघून मी इतकी हुरळले की चार जणींना दाखवून आले. तू विद्यापीठात पुरातत्त्व शिकलीस, मग कामासाठी चार महिने कुस्कोला राहिलीस, एवढं माहीत होतं. म्हणून शाकाहारी जेवण कुठे मिळेल हे विचारायला मी फोन लावला.

जेवणाचं तू बोललीच नाहीस. उलट मलाच विचारायला लागलीस. "काकू, रात्री किती वेळा उठावं लागतं? काकांचा डावा गुडघा की उजवा? घोरतात का? सकाळी सहाला दुधाचा चहा मिळाला नाही तर तुमचं भांडण होतं ना अजून?" मला वाटलं, ही पोरगी चेष्टा करतेय. शेवटी म्हणालीस, "मला एक दिवस द्या." आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: टॅक्सी जिथे सोडते तिथपासून त्या हॉटेलच्या दारापर्यंत 94 पायऱ्या. तुझ्या तिथल्या घरमालकिणीच्या नातवाला पाठवून तू त्या मोजवल्या होत्यास.

बाकी कुणाला हे सुचलं नसतं. हॉटेलवाले पायऱ्यांचा फोटो टाकत नाहीत, पायऱ्यांवरून दिसणाऱ्या देखाव्याचा टाकतात. आणि त्या 94 पायऱ्या इथल्या नव्हेत. बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, कुस्को सुमारे 3,400 मीटरवर. आपले चार पावागड डोंगर एकावर एक रचले तरी थोडे कमीच पडतील. तिथे प्रत्येक श्वासात इथल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. पावागडाला माचीपासून वर आम्ही दोघं आता रोपवेनेच जातो, हे तुला ठाऊक होतं.

पण याहून मोठं काम तू केलंस ते क्रम उलटा करण्याचं. कुस्कोचा विमानतळ गावातच. समुद्राकाठच्या लिमाहून विमानात बसलं की तासा-सव्वा तासात माणूस थेट त्या उंचीवर उतरतो, आणि बहुतेक सगळे तिथेच पहिल्या रात्री मुक्काम करतात. तू म्हणालीस, "विमानातून उतरा, गाडीत बसा आणि खाली निघून जा. कुस्को शेवटी." मला हे पटेना. एवढ्या लांबून जायचं आणि गाव समोर असताना पाठ फिरवायची? पण तू हट्टाला पेटलीस. उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, 2,800 मीटरवरच्या ओयांतायतांबोला तीन रात्री, तिथूनच रेल्वेने माचू पिच्चू या डोंगरावरच्या जुन्या इंका शहराच्या पायथ्याशी एक रात्र, आणि मग वर कुस्कोला. माचू पिच्चू 2,430 मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते सगळ्यांत उंच असणार अशीच माझी समजूत.

ओयांतायतांबोबद्दल तुझे वेगळे आभार. इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या तिथल्या राज्यकर्त्यांनी, आखलेल्या गल्ल्या अजून तशाच, आणि गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी वाहतं. आमच्या खिडकीखाली रात्रभर तो आवाज. काकांचं डोकं पहिल्या दिवशी जड होतं, तिसऱ्या दिवशी ते माझ्यापुढे चालत होते. मुलाचे दोन मित्र आमच्याच आठवड्यात गेले होते. विमानातून उतरून सरळ कुस्कोत राहिले, वय पस्तिसच्या आत, आणि पहिले दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. प्रत्येकाला असंच होतं असं नाही, हे तूच सांगितलं होतंस. आणि जाण्याआधी आमच्या डॉक्टरांकडे पाठवलंस तेही बरं केलंस. उंचीसाठीची ती गोळी सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना विचारूनच द्यावी लागते म्हणे, आणि काकांना नेमकी तीच ॲलर्जी.

कुस्कोतली जागा निवडताना मात्र तुझी खरी कसोटी लागली. मुख्य चौक, म्हणजे प्लासा दे आर्मास, आणि इंकांचं सूर्यमंदिर कोरिकांचा यांच्यामधला पट्टा तू धरलास. चढ कमी, टॅक्सी दारापर्यंत, रात्री औषध लागलं तर मोठा रस्ता पाच मिनिटांवर. तीन घरं काढलीस आणि तिघांनाही स्वतः स्पॅनिशमध्ये विचारलंस: खोली तळमजल्यावर आहे का, रस्त्याकडे तोंड आहे की आत, हीटर आहे की नुसत्या गोधड्या, गरम पाणी पहाटेही येतं का. एकाने हीटरचं उत्तर तीनदा टाळलं म्हणून ते घर तू खोडून टाकलंस. आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली. तुझी स्वतःची घरमालकीण सान ब्लासातलीच, तिच्याकडे खोल्या रिकाम्या होत्या, आणि तिचं घर तू आम्हाला सुचवलंही नाहीस.

जे घर मिळालं त्याचं काय वर्णन करू! ते ज्याला पाटिओ म्हणतात तो आपल्या वाड्याचा चौकच गं. मधे फरशी, कडेने लाकडी खांब, वर गॅलरी, कोपऱ्यात जिरॅनियमच्या कुंड्या. खालची भिंत इंकांच्या दगडांची, चुन्याचा थेंब नाही आणि फटीत पोस्टकार्डही जाणार नाही असे दगड. त्यावर कच्च्या विटांचा पांढरा मजला. मालकीणबाईंनी हाताने दाखवलं की 1950च्या भूकंपात वरचं पडलं, खालचं जागचं हललं नाही. कोरिकांचाच्या भिंतीही त्याच भूकंपानंतर स्पॅनिश मठाखालून नीट उघड्या पडल्या. अशा घरात खोली चौकाकडे उघडते, बाहेर खिडकी नाही, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. मला आवडलं. काकांना कोंदट वाटलं. तू आधीच बजावलं होतंस, त्यामुळे त्यांना कुरकुर करता आली नाही.

आता तुझं चुकलं ते. "शाल पुरेल" म्हणालीस. जूनमध्ये तिथे रात्री पारा शून्याच्या आसपास जातो! पहिल्या रात्री मी मोजे, स्वेटर, कानटोपी आणि वरून काकांचा कोट घालून झोपले. तू जाताना दिलेली ती रबरी गरम पाण्याची पिशवी नसती तर माझं काही खरं नव्हतं.

डाळीचाही किस्सा सांगायलाच हवा. मी हौसेने मुगाची डाळ नेली होती. तिथे पाणी 88-89 अंशांनाच उकळतं, त्यामुळे पाऊण तास झाला तरी दाणा बोटाखाली चेपेना. मग दोन लिटरचा आपला कुकर काढला. पहिली शिट्टी झाली आणि मालकीणबाई चौकातून धावत आल्या. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. त्यांनी माझा हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फळीवरचा स्वतःचा कुकर दाखवला, माझ्या दुप्पट. त्या उंचीवर कुकरशिवाय कुणाचंच भागत नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींची भाषा न समजता तासभर बोललो. लीलो चिवडा त्यांना फार आवडला. त्यातला बटाटा मूळचा त्यांच्याच डोंगरांतला, हे मात्र मला खुणांनी सांगता आलं नाही.

आणि आता माझी चूक, कबूल करून टाकते. 24 जूनला इंती रायमी, सूर्याचा सण. मुख्य चौकावरच्या बाल्कनीतून तो बघायचा म्हणून मी तुझ्या अपरोक्ष आदल्या रात्रीपुरती एका जुन्या हॉटेलात खोली घेतली. तिप्पट पैसे. खोली शांत आहे, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. रात्रभर बँड, फटाके, गर्दी. नवरात्रात बडोद्यात आयुष्य काढलेली बाई मी, गरब्याच्या लाउडस्पीकरखाली मुलांना झोपवलंय, पण त्या उंचीवर मोडलेली झोप फार महागात पडते. पहाटे काकांचं डोकं ठणकत होतं. सण सोडून आम्ही सकाळी परत आमच्या पाटिओच्या घरी आलो. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही, मुन्याच्या पानांचा चहा पुढे ठेवला. पुदिन्याचा थोरला भाऊ वाटावा असा वास. काका म्हणतात, कोकाच्या पानांच्या चहाने उतार पडला. तू म्हणाली होतीस, त्याने पोट गरम होतं एवढंच. तुमचं तुम्ही बघा.

सान ब्लासला तू सांगितल्याप्रमाणेच गेलो. टॅक्सीने वरपर्यंत, आणि मग रमतगमत खाली. ते निळ्या दरवाजाचं हॉटेल वाटेत लागलं. सुंदरच आहे. दोन पोरं पाठीवर बॅगा घेऊन मधल्या पायरीवर धापा टाकत बसली होती. खाली हातुन रुमियोक गल्लीत तो बारा कोनांचा दगड. काकांनी तीनदा मोजले, अकराच भरले. मी पायऱ्या मोजल्या, 91 भरल्या. नातवाला विचार, तीन कुठून आल्या.

चिवड्याची दोन पाकिटं आणि मुन्याची वाळकी पानं तुझ्यासाठी डब्यात ठेवली आहेत. तुझी रबरी पिशवी इथेच आहे. बुचापाशी जरा गळायला लागली आहे, नवीन वॉशर आणून ठेवते. दिवाळीत आलीस की घेऊन जा.

तुझी,
काकू
दांडिया बाजार, बडोदा