तपकिरी पाण्यासाठी म्हणून विकलेले ल्यूर बर्फाखाली थरथरतच नाहीत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बर्फावरच्या मासेमारीसाठी घेतलेल्या चार ल्यूरच्या संचाबाबत तक्रार

महोदय/महोदया,

या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी आपल्या कंपनीचा चार ल्यूरचा, म्हणजे गळाला लावायच्या नकली आमिषांचा, संच घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय की हे ल्यूर खास बर्फावरच्या मासेमारीसाठी आहेत आणि तपकिरी पाण्यात ‘जोरदार थरथर’ देतात. त्या दोन ओळी वाचूनच मी संच उचलला. मी जिथे गळ टाकतो त्या तळ्यात भोवतालच्या दलदलीचं पाणी उतरतं. ते गढूळ नाही, पण कोऱ्या चहासारखं आहे. पेल्यात धरलं तर आरपार दिसतं, बर्फाला पाडलेल्या भोकातून खाली पाहिलं तर हातभर अंतरावर ल्यूर नाहीसा होतो. त्यावर बर्फ आणि बर्फावर भुसभुशीत हिम, म्हणजे वरून येणारा उजेडही बेताचाच.

अशा पाण्यात ल्यूर निवडताना मी आधी थरथर बघतो, मग रंग. ल्यूरच्या पोटातल्या गोळ्यांचा खुळखुळाट पाण्यातून लांबवर जातो आणि माशाला तो कानाने कळतो. पण मासा जवळ आला की शेवटच्या एक-दोन हातांत त्याच्या अंगावरची पार्श्वरेषा कामाला लागते. पाणी कुठून ढकललं जातंय, किती जोरात, हे तिला कळतं. खुळखुळाट माशाला बोलावतो, तोंड उघडायला लावते ती थरथर. आपल्या खोक्यावर या दोन्ही गोष्टी एकच असल्यासारख्या छापल्या आहेत आणि माझ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

आपल्या ल्यूरमध्ये खुळखुळाट भरपूर आहे, थरथर नाही. १४ ग्रॅमचा मोठा ल्यूर मी पाच मीटर पाण्यात तळाजवळ सोडला आणि फूटभर उचलला. काठीच्या टोकाला काहीही जाणवलं नाही. दोर बोटावर घेऊन पुन्हा उचलला, तरी नुसतं वजन वर आल्यासारखं वाटलं. त्याच भोकात, त्याच दोरावर माझा जुना पत्र्याचा ब्लेड ल्यूर लावला, तेव्हा तेवढ्याच उचलण्यात बोटाला झिणझिण्या आल्या. सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर फरक आणखी स्पष्ट दिसला. आपला ल्यूर हलवला की तळातून माशाची रेघ वर यायची, ल्यूरपासून वीतभर अंतरावर थांबायची आणि सावकाश खाली जायची. एका दुपारी हे सहा वेळा झालं. मासा येत होता, म्हणजे जागा चुकली नव्हती, वेळही चुकली नव्हती. सातव्या वेळी मी ब्लेड लावला आणि पहिल्या दोन उचलण्यांतच वॉलाय जातीचा मासा लागला. एका दुपारवरून निकाल लावू नये म्हणून पुढचे तीन रविवार मी आलटून पालटून दोन्ही वापरले. आपल्या ल्यूरला एकदाही मासा लागला नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. त्यांनी दोन उपाय सांगितले: गाठ थेट न बांधता स्नॅप (दोर आणि ल्यूर जोडणारी छोटी उघडझाप कडी) लावा आणि जास्त जोरात ओढा. स्नॅप मी पहिल्या दिवसापासूनच लावतो. जोरात ओढूनही पाहिलं. दोन-अडीच फूट हिसका दिला की ल्यूर थरथरतो, हे खरं आहे. पण बर्फाला लागून पाणी शून्य अंशाचं आणि खोल तळाशी फार तर चार अंशांचं असतं. तिथला मासा सुस्त असतो, तो एवढा पाठलाग करत नाही. शिवाय इतक्या उंचीवरून ल्यूर सैल दोरावर खाली पडला की पुढचा गळ दोरात अडकतो आणि पुढची प्रत्येक उचल वाया जाते. माझ्या अंदाजाने हा साचा उघड्या पाण्यात लांब फेकून ओढायच्या ल्यूरचा आहे आणि फक्त खोकं बदललं आहे. पाठीवरची कडी थोडी पुढे किंवा मागे हवी, किंवा ब्लेडच्या पाठीवर असतात तशी दोन-तीन भोकं तरी हवीत, म्हणजे माणूस आपल्या उचलीप्रमाणे स्नॅप हलवू शकेल.

दुसरी तक्रार बनावटीची आहे. चारपैकी दोन ल्यूरची शिवण गळते. शून्याखाली बारा अंशांच्या थंडीत मी एक ल्यूर पाण्यातून काढून दहा मिनिटं बर्फावर ठेवला होता. उचलून हलवला तर मुका. मुठीत धरून ऊब दिल्यावर पुन्हा खुळखुळू लागला. आत शिरलेलं पाणी गोठून गोळ्या जागच्या जागी धरून बसलं होतं. घरी चारही ल्यूर कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवले, तेव्हा त्या दोघांच्या डोळ्यामागच्या जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. उरलेल्या दोघांतून एकही बुडबुडा आला नाही. त्यामुळे सगळाच माल असा असेल असं मी म्हणत नाही, पण बर्फावर वापरायच्या वस्तूची ही एक चाचणी कारखान्यातून बाहेर पडण्याआधी व्हायलाच हवी. पाणी भरलेला ल्यूर तोंडाकडे झुकतो आणि उरलीसुरली थरथरही जाते.

रंगाबद्दल थोडक्यात. संचातला सोनेरी आणि नारिंगी-हिरवा हे रंग योग्य आहेत. पण ‘तपकिरी पाण्यासाठी’ म्हणून निळा-चंदेरी देणं चूक आहे. अशा पाण्यात निळा उजेड सर्वांत आधी शोषला जातो, तांबूस-नारिंगी त्याहून खोल पोहोचतो. निळा ल्यूर तिथे नुसता करडा दिसतो. तो स्वच्छ पाण्याच्या संचात घालावा.

माझ्या मागण्या अशा: संचाची पूर्ण रक्कम परत मिळावी. बदली संच नको, कारण साचा तोच राहणार. खोक्यावरचा थरथरीचा दावा काढावा, किंवा किती उंच आणि किती वेगाने उचलल्यावर ल्यूर थरथरतो ते तिथेच छापावं. नवशिका माणूस अशा खोक्यावर विश्वास ठेवून भर थंडीत दिवसभर भोकापाशी बसतो आणि मासा नाही लागला की स्वतःच्याच हाताला दोष देतो. मीही पहिले दोन दिवस तेच केलं.

गळके दोन्ही ल्यूर, खरेदीची पावती, सोनारच्या पडद्याची छायाचित्रं आणि बुडबुड्यांची चित्रफीत सोबत पाठवत आहे. चांगले दोन ल्यूर आपण सांगाल तेव्हा परत करीन. बर्फ वितळायला अजून पाच-सहा आठवडे आहेत. आपल्या तंत्रज्ञांना बदललेल्या कडीचा नमुना तपासायचा असेल, तर तो याच तळ्यात, याच ब्लेडच्या शेजारी वापरून जे दिसेल ते लिहून कळवायची माझी तयारी आहे. लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावं, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक