जखमी शिपायाचा माग

प्रिय सदानंद,

पहिल्या महायुद्धातल्या त्या अनोळखी शिपायाचा फोटो मिळाला. दवाखान्याचा व्हरांडा, खाकी कोट, डावा हात गळ्यातल्या झोळीत आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेलं ‘मुंबई’. नाव नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत साताऱ्याची नावं चाळायला घेतलीस, असं तू लिहितोस. ते आधी थांबव. ती यादी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मरण पावलेल्यांची आहे. तुझा माणूस जिवंत बसलाय. तो बरा होऊन गावी गेला असेल, तर त्या यादीत कधीच नसणार. आणि एखादं नाव जुळल्यासारखं वाटलं, तर तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या घरचा मुलगा असेल.

आधी पलटण, मग तारीख, मग दवाखाना. नाव सगळ्यात शेवटी.

पलटण खांद्यावर लिहिलेली आहे. पितळी अक्षरांत ११ स्पष्ट दिसतं, तिसरा आकडा शून्य की सहा ते कळत नाही. ११० आणि ११६ या दोन्ही मराठा पलटणी, त्यामुळे अंदाजानं एक निवडू नकोस. मूळ फोटो १२०० डीपीआयला स्कॅन कर. शिवाय दिवा एका बाजूला, अगदी खाली धरून मागच्या बाजूचा वेगळा फोटो काढ. पुसलेल्या पेन्सिलीचा दाब तिरप्या उजेडात उमटतो. तोवर दोन्ही पलटणींची टिपणं वेगवेगळी ठेव.

समजा ११० निघाली. ती सहाव्या पूना डिव्हिजनच्या अठराव्या ब्रिगेडमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढत होती. १२ ते १४ एप्रिल १९१५ ला शैबाची लढाई, २८ सप्टेंबरला कूतची, २२ नोव्हेंबरपासून तेसिफोनची. मग ७ डिसेंबर १९१५ पासून कूतला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजन शरण गेली. वेढ्याच्या आत जखमी झालेला शिपाई त्या महिन्यांत मुंबईच्या व्हरांड्यात बसूच शकत नाही. म्हणजे तुझा माणूस वेढ्याआधी नदीनं खाली बसऱ्याला आणि तिथून जहाजानं मुंबईला आलेला, किंवा शरणागतीनंतर तुर्कांनी अदलाबदलीत सोडलेल्या आजारी-जखमींपैकी. तिसरी शक्यता लोक विसरतात: कूतपर्यंत पोचू न शकलेल्या नव्या तुकड्या वेढा फोडायला बाहेरून आलेल्या सुटका फौजेत लढल्या. शिवाय एका मराठा पलटणीचे जवान दुसरीला जोडून दिले जात. खांद्यावर एक आकडा, लढाई दुसऱ्याच पलटणीबरोबर, असं सहज होतं.

तारखांसाठी पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, वाच. लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ती ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहे. पण तिथं शिपायाचं नाव शोधू नकोस. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, सुभेदार-जमादारांचीही बऱ्याचदा येतात; शिपाई मात्र ‘इतर दर्जे, जखमी’ एवढ्या आकड्यात संपतात. डायरीकडून तारीख आणि आकडा घ्यायचा, बस्स.

दवाखान्याच्या नोंदवह्यांवर फार भिस्त ठेवू नकोस. लंडनला ‘एमएच १०६’ मध्ये त्या आहेत खऱ्या, पण नमुना म्हणून राखलेल्या थोड्याच. अशी वही कधी हाती लागलीच, तर ‘जी. एस. डब्ल्यू.’ (गनशॉट वूंड) वाचून बंदुकीची गोळी समजू नकोस. तोफगोळ्याच्या तुकड्याची जखमही त्याच शेऱ्याखाली लिहीत. मुंबईत तेव्हा नुकतंच बांधलेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही लष्करी रुग्णालय होतं. फोटोतल्या कमानी आणि कठडा तिथल्या जुन्या फोटोंशी ताडून बघ.

१९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात सगळे कागद जळाले, असं तुला कुणी ना कुणी सांगेल. जळाले ते ब्रिटिश सैनिकांचे. आपल्या शिपायांचे सेवापट तिथं नव्हतेच, ते पलटणीच्या डेपोत असत. १९२२ च्या फेररचनेत ११० ची तिसरी आणि ११६ ची चौथी बटालियन झाली, रेजिमेंट पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. नंतरच्या कागदावर ‘३/५’ दिसलं, तर ती जुनी ११०. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहिताना दोन्ही नावं दे, नाहीतर जुनी नोंद त्यांना लागणार नाही.

खरं नाव बहुतेक वेळा घरातच सापडतं. ज्या घरातून फोटो आला, तिथं पदकं आहेत का विचार. युद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून कड फिरवत वाच. पॉलिश करकरून अक्षरं झिजली असतील तर घासू नका म्हणून सांग. हा नंबर प्रत्येक पलटणीचा स्वतंत्र असतो, त्यामुळे नुसता नंबर जुळला म्हणजे काही जुळलं नाही. गावात पहिल्या युद्धाची दगडी पाटी असेल तर तीही बघ, पण तिच्यावर बहुधा गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच असतं.

मग कमिशनची यादी उघड, वगळण्यासाठी. पदकावरचं नाव त्यात असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका बघ. कारकुनांनी ऐकलं तसं लिहिलंय: जाधवांचा ‘जाडाव’, शिंद्यांचा ‘सिंदे’. खेड रत्नागिरीतलं की पुण्यातलं, तेही बघावं लागतं. रायगड तेव्हा कुलाबा होतं, आणि आजच्या सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत मोडत.

पलटण, तारीख आणि गाव, तिन्ही स्वतंत्र कागदांतून जुळल्याशिवाय फोटोखाली नाव लिहू नकोस. दोनच जुळले तर ‘११० मराठाचा शिपाई, मुंबई, १९१५ किंवा १९१६’ असं लिही. चुकीचं नाव एकदा लागलं की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात, आणि खऱ्या माणसाला घरचे लोक कायमचे मुकतात.

मागच्या बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो आधी पाठव. त्या ‘मुंबई’खाली मला आणखी एक ओळ असल्यासारखी वाटते.

तुझा,
विनायक